फरदड मोडायची तर शेतकऱ्याला हातभार हवा

कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवरचे सरकारी सल्ले दर हंगामात येतात आणि बहुतेक फवारणीपाशीच थांबतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आम्ही कापूसवाले कसे विसरू? ही अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. बोंडअळी मारण्यासाठी जनुक बदलून २००६ मध्ये आणलेल्या बीजी-२ वाणालाही ती आता दाद देत नाही. पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या लागताच अळीच्या नर पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे लावणे, अळी शिरल्याने नीट न उमललेल्या डोमकळ्या तोडून नष्ट करणे, निंबोळी अर्क फवारणे हे करता येते. पण खरी अडचण फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात उभी ठेवण्याची आहे. डिसेंबरनंतर उभ्या पऱ्हाटीवर (कपाशीच्या झाडांवर) अळीची पुढची पिढी पोसली जाते, हे ठाऊक असूनही शेतकरी ती ठेवतो, कारण त्या शेवटच्या वेच्यावर घरचा किराणा आणि मुलांची फी भागते. एकट्याने उपटून उपयोगही नाही. पतंग बांध ओळखत नाहीत. कृषी विभागाने सापळे जुलैतच गावात पोहोचवावेत आणि अख्ख्या शिवाराची पऱ्हाटी एकाच वेळी निघावी म्हणून ग्रामपंचायतीला पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र (श्रेडर) व मजुरीचे अनुदान द्यावे.

– एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ