ऑर्किड नागपुरातही जगतं, फक्त इथल्या हवेच्या हिशोबानं सांभाळा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गॅलरीतल्या बागेवर आपल्या पेपरात अधूनमधून येत असतं, ते मी आवर्जून वाचते. पण ऑर्किडचा विषय निघाला की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, "नागपुरात ऑर्किड जगतच नाही हो, इथलं ऊन त्याला सोसत नाही", आणि ते खरं नाही म्हणून हे पत्र. अलीकडे शहरातल्या नर्सऱ्यांमध्ये पांढरी-जांभळी फॅलेनॉप्सिस जातीची ऑर्किडं सहज मिळायला लागली, लोक वाढदिवसाला, गृहप्रवेशाला गिफ्ट देऊन राहिले, फुलं दोन-तीन महिने मस्त टिकतात आणि मग एकेक करून गळली की घरच्यांना वाटतं झाड गेलं, कुंडी उचलून बाहेर ठेवतात. झाड गेलेलं नसतं, ते आराम करत असतं. नीट ठेवलं तर हे झाड वर्षानुवर्षं जगतं आणि बहुतेक दरवर्षी फुलतं.

उन्हानं मरतात त्यापेक्षा किती तरी जास्त ऑर्किडं पाण्यानं मरतात. हे झाड मुळात मातीत वाढणारं नाहीच, जंगलात ते मोठ्या झाडांच्या खोडाला-फांद्यांना चिकटून राहतं, मुळं उघड्या हवेत, पाऊस आला की भिजली आणि वारा लागला की सुकली. एका नर्सरीत माझ्यासमोर एका ताईंना सांगितलं की घरी नेल्यावर लाल माती आणि शेणखतात लावा, रोज पाणी घाला. असं केलं तर महिनाभरात मुळं सडणारच, आणि त्या ताई पुढची दहा वर्षं सगळ्यांना सांगणार की नागपुरात ऑर्किड जगत नाही. विकणाऱ्यानं निदान एवढं तरी खरं सांगावं की याला माती नको. झाडाच्या सालीचे तुकडे, लाकडी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, बस. कुंडी पारदर्शक प्लास्टिकची, खाली आणि बाजूला भोकं असलेली घ्यावी म्हणजे आतली मुळं दिसतात. आणि पहिल्यांदा कुंडी बदलताना मुळांच्या मधोमध शेवाळाचा एक ओला गोळा सापडतो बऱ्याचदा, तो रोप लहान असतानाचा असतो, वरून सगळं कोरडं दिसलं तरी तो आत ओलाच राहतो, तेव्हा हलक्या हातानं काढून टाका. हे काम फुलं संपल्यावरच करा.

पाणी कधी द्यायचं हे वार बघून ठरवू नका, मुळंच सांगतात. कोरडी असली की ती चांदीसारखी राखाडी दिसतात, कुंडी पाण्याच्या टबात ठेवली की बघता बघता हिरवी व्हायला लागतात, मला हे अजूनही दर वेळी बघावंसं वाटतं. मुळांवर एक स्पंजसारखा थर असतो तो पाणी पितो आणि खालचा हिरवा रंग दिसायला लागतो. 10-15 मिनिटं भिजू द्या, मग पूर्ण निथळू द्या, खाली बशीत पाणी साचू देऊ नका. परत राखाडी दिसली की परत पाणी. हिवाळ्यात आठवडा-दहा दिवस जातात, मे महिन्यात दोन-तीन दिवसांत वेळ येते. पानांच्या मधल्या खळग्यात पाणी राहिलं तर झाड मधूनच सडतं, म्हणून तिथलं पाणी टिश्यूनं टिपून घ्यायचं. पावसाचं पाणी उत्तम, आरओचं शुद्ध पाणीही चालतं, पण आरओमधून वाया जाणारं पाणी चुकूनही देऊ नका, त्यात क्षार गोळा झालेले असतात.

आता उन्हाळा. इथला पारा 45 च्या वर जातो हे खरंच आहे आणि या झाडाला साधारण 18 ते 30 डिग्री आवडतं, पण घरात आपण तरी कुठं 45 मध्ये बसतो? मला तर वाटतं आपला कूलर हे ऑर्किडसाठी एसीपेक्षा चांगलं साधन आहे, कारण एसी हवा आणखी कोरडी करतो आणि कूलर गारव्यासोबत ओलावाही देतो, आणि ओलाव्याचीच तर इथं एप्रिल-मेमध्ये मारामार असते. फक्त झाड कूलरच्या थेट झोताखाली नको, कळ्या गळतात, त्याच खोलीत बाजूला ठेवायचं. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र झाडाला नाही, वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो ना, तेच क्षार त्या पाण्यात असतात. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, सकाळचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेच्या खिडकीत नवतपातलं (मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतलं) दुपारचं ऊन एकदा जरी पानावर पडलं तरी पान भाजतं आणि तो डाग कायमचा राहतो. पानं गर्द काळपट हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय, पिवळट-लालसर व्हायला लागली तर जास्त होतोय.

पावसाळ्यात फार काही नाही, पाणी कमी करा, पंखा चालू ठेवा, हवा खेळती पाहिजे.

आणि ज्या हिवाळ्याचं आपल्याकडे कोणी नाव घेत नाही तोच खरा आपला फायदा आहे. रात्री तीन-चार आठवडे 15-18 डिग्रीपर्यंत गार झाल्या की फॅलेनॉप्सिस फुलांचा दांडा काढतं. सतत गरम असलेल्या गावांत हेच जमत नाही, लोक एसी लावून गारवा देतात, आपल्याला दिवाळीच्या आसपास खिडकीजवळ नुसतं ठेवलं की फुकटात मिळतो. डिसेंबर-जानेवारीत पारा 10 च्या जवळ गेला की मात्र आत घ्यायचं. त्या दिवसांत पानाच्या बुडाशी रोज बघत जा. नवीन मूळ असेल तर टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असतं, दांडा असेल तर टोक थोडं चपटं, लहान मुलांच्या बिनबोटांच्या मोज्यासारखं दिसतं आणि उजेडाकडे वर वळतं. तिथून फुलं उमलायला दोन-तीन महिने लागतात, तेवढा धीर पाहिजे. दांडा निघाल्यावर कुंडी सारखी फिरवू नका, उजेडाची दिशा बदलली की दांडा वाकडातिकडा होतो. खत म्हणाल तर 19-19-19 सारखं पाण्यात विरघळणारं, पाकिटावर सांगितलंय त्याच्या पाव हिश्श्यानं, तेही मुळं ओली असताना.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी निळंशार ऑर्किड दिसलं तर भुलू नका, ते रंग टोचून केलेलं असतं, पुढच्या खेपेला पांढरी फुलं येतात.

आणखी एक, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑर्किड म्हणजे काहीतरी परदेशी, आपल्या मातीतलं नाहीच, असं ज्यांना वाटतं त्यांनी विदर्भातल्या आंब्या-मोहाच्या झाडांवर कधी नीट बघावं. वांडा टेसेलाटा नावाचं ऑर्किड आपल्याच भागात या झाडांवर वाढतं, काही ठिकाणी रास्ना म्हणून ते औषधातही वापरतात. इथला उन्हाळा ते दरवर्षी बाहेर, उघड्यावर काढतं. पण म्हणून कोणी ते ओरबाडून आणू नये आणि जंगलातून आणलेलं कोणी विकत असेल तर घेऊ नये. नर्सरीतली फॅलेनॉप्सिस टिश्यू कल्चरनं, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यांपासून, लाखोंनी तयार होतात, घरात हौस करायला ती आहेत.

आपल्याला विनंती एवढीच की बागकामाची माहिती छापताना ती नागपूरच्या हवेला धरून, महिन्यावार छापा. बाहेरच्या गावांसाठी लिहिलेलं "आठवड्यातून दोनदा पाणी" इथं मे महिन्यातही चालत नाही आणि जानेवारीतही नाही. आणि नर्सरीवाल्यांनी प्रत्येक ऑर्किडसोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी द्यावी असं आपण सुचवलं तर ते नक्की ऐकतील. उन्हाळ्याची माहिती होळीच्या आधी आली तर फार बरं होईल, म्हणजे लोकांना झाडाची जागा बदलायला वेळ मिळेल.

आपली,
एक वाचक, नागपूर