१४ ऑक्टोबरचा स्विच अर्ज दाबून ठेवल्याबद्दल आणि २८ फेब्रुवारीच्या फोनबद्दल तक्रार

दिनांक : १ मार्च २०२५
सिडको, नाशिक

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि कार्यकारी संचालक,

तुमच्या म्युच्युअल फंड कंपनीच्या कॅनडा कॉर्नरच्या शाखेत मी तीनदा आलो, ग्राहक सेवेला नऊ फोन केले. काल दहावा झाला. त्यानंतर रात्रभर झोप नाही, म्हणून आता थेट तुम्हाला लिहितो आहे.

बाजार पडला ही तुमची चूक आहे असं माझं म्हणणं नाही, हे आधी स्पष्ट करतो. सप्टेंबर अखेरीस २६ हजारांच्या वर गेलेला निफ्टी काल २२,१२४ वर बंद झाला. सलग पाच महिने घसरण, १९९६ नंतर प्रथमच. ती कुणाच्या हातात नव्हती. पण मी तुम्हाला ऑक्टोबरमध्ये माझे ६ लाख शेअर बाजारातल्या योजनेतून कमी चढउताराच्या लिक्विड फंडात हलवायची, म्हणजे स्विचची, लेखी सूचना दिली होती आणि ती पाळणं पूर्णपणे तुमच्याच हातात होतं.

मी सातपूरला ३४ वर्षं ग्राइंडिंग मशीनवर काम केलं. जून २०२३ मध्ये निवृत्त झालो. पीएफ आणि ग्रॅच्युइटीतले १५ लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. त्याचे ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० रुपये येतात. ईपीएसचं पेन्शन चार हजारांच्या आत. उरलेले २४ लाख तुमच्या माणसाच्या सांगण्यावरून तुमच्या फ्लेक्सी कॅप या शेअर बाजारातल्या (इक्विटी) योजनेत टाकले आणि दर महिन्याच्या २५ तारखेला तेवढी युनिटं विकून १६ हजार मिळतील असा एसडब्ल्यूपी लावला. आमच्या घराचं किराणा, वीजबिल आणि बायकोची शुगरची औषधं याच १६ हजारांत भागतात.

एसडब्ल्यूपी म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. पण तुमच्या माणसांना आठवण करून द्यावी लागते आहे, म्हणून माझ्याच स्टेटमेंटमधले आकडे देतो. २५ सप्टेंबरला एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, ६२.४० होती, तेव्हा १६ हजारांसाठी माझी २५६ युनिटं विकली गेली. २५ फेब्रुवारीला एनएव्ही ५१.२० होती, तेव्हा त्याच १६ हजारांसाठी ३१२ युनिटं गेली. बाजार उद्या वर आला तरी ही विकलेली युनिटं त्याच्याबरोबर वर येणार नाहीत. नोकरीत असताना २००८ ची पडझड मी पाहिली आहे. तेव्हा पगार चालू होता, दर महिन्याची एसआयपीची गुंतवणूक चालू ठेवली आणि स्वस्तात युनिटं मिळाली. आज पगार नाही. आज पडत्या भावात मी घेत नाही, विकतो आहे. नोकरदाराला दिलेला सल्ला निवृत्त माणसाला तसाच्या तसा लागू होत नाही तो याच कारणाने.

त्याच २००८ वरून मी माझा हिशोब मांडला होता. जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली गेला, आणि पुन्हा २१ हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. म्हणून तीन वर्षांचा घरखर्च इक्विटीतून बाहेर काढायचा असं ठरवलं. १६ हजार गुणिले ३६, म्हणजे ५ लाख ७६ हजार. दवाखान्यासाठी थोडे धरून ६ लाख. ते लिक्विड फंडात न्यायचे, एसडब्ल्यूपी तिथून सुरू करायचा आणि बाकीच्या पैशांना हात लावायचा नाही. वर्ष उलटलं असल्यामुळे एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचं शुल्क, नव्हता. नफ्यावर जो कर बसेल तो भरायची तयारी होती.

दसरा झाल्यावर पहिल्याच सोमवारी, १४ ऑक्टोबरला, सिटीलिंकच्या बसने शाखेत आलो. अर्ज दिला. पोचपावतीवर तुमच्या मशीनचा शिक्का आहे, ११ वाजून ४२ मिनिटं. जांभळी शाई थोडी फाकली आहे, पण वेळ स्वच्छ वाचता येते. दुपारी ३ च्या आत अर्ज आला म्हणजे त्याच दिवसाची एनएव्ही. त्या दिवशीची होती ५९.८०.

पैसे हलले नाहीत. नोव्हेंबरमध्ये विचारलं तर ‘प्रोसेसमध्ये आहे’. डिसेंबरमध्ये विचारलं तर ‘प्रोसेसमध्ये आहे’. ९ जानेवारीला कळलं की सही जुळत नाही म्हणून अर्ज ऑक्टोबरमध्येच नाकारला होता. पत्र नाही, मेसेज नाही, फोन नाही. माझा अंगठा सांधेदुखीने आखडला आहे, सही पूर्वीसारखी वळत नाही, हे मला मान्य आहे. शंका आली तर अर्ज थांबवा, तो तुमचा अधिकार आहे. पण थांबवल्याचं मला कळवायला हवं होतं. १३ जानेवारीला बँकेतून सही साक्षांकित करून नवा अर्ज दिला. त्यालाही दीड महिना झाला.

आता कालचा फोन. दुपारी चारची वेळ, निफ्टी त्या एका दिवसात ४२० अंकांनी पडलेला. बायको समोर मेथी निवडत बसली होती आणि फोन स्पीकरवर होता, त्यामुळे हे सगळं तिनेही ऐकलं. मी अर्जाचं विचारलं. तुमचा रिलेशनशिप मॅनेजर म्हणाला, “काका, तुमच्या वयाचे लोक बाजार पडला की घाबरतात. आम्ही तुमच्या भल्यासाठीच घाई केली नाही.” मी म्हटलं, मी घाबरून अर्ज दिलेला नाही, निफ्टी २५ हजारांच्या वर असताना हिशोब करून दिला आहे. तो म्हणाला, “लाँग टर्ममध्ये मार्केट वरच जातं, काका.” मी म्हटलं, पुढच्या २५ तारखेचा किराणा लाँग टर्मवर येत नाही. तर म्हणाला, “तुम्हाला हे समजायचं नाही. घरात मुलगा आहे का? त्याला फोन द्या, मी त्याला समजावतो.”

मुलाला फोन द्या! फोलिओ, म्हणजे फंडातलं खातं, माझ्या नावावर, पैसे माझ्या ३४ वर्षांच्या कामाचे, अर्जावर सही माझी, आणि बोलणार मुलाशी. त्याच्या जन्माआधीपासून मी मायक्रोमीटरवर मापं वाचत आलो आहे, एनएव्ही मला वाचता येते. बायकोने मेथी बाजूला ठेवली आणि म्हणाली, “ठेवा तो फोन.” मी ठेवला. तिच्यासमोर मला अडाणी ठरवलं, हे मी विसरणार नाही.

आणि ‘भल्यासाठीच घाई केली नाही’ म्हणजे काय? अर्ज सहीमुळे अडला की तुमच्या मर्जीमुळे? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला सांगता. ते रेकॉर्डिंग काढा आणि ऐका.

१४ ऑक्टोबरला ६ लाखांसाठी १०,०३३ युनिटं लागली असती. त्याच युनिटांची किंमत २५ फेब्रुवारीच्या एनएव्हीने ५ लाख १३ हजार होते. फरक ८६ हजारांचा. शिवाय त्या तारखेनंतरचे पाच हप्ते लिक्विडमधून जायला हवे होते, ते पडत्या इक्विटीतून गेले.

माझी मागणी अशी. स्विच १४ ऑक्टोबरच्या एनएव्हीने धरा आणि पाच हप्त्यांत जादा विकलेली युनिटं परत जमा करा. अर्ज नाकारल्याची नोंद कुणी केली आणि मला का कळवलं नाही, ते लेखी द्या. कालच्या फोनच्या रेकॉर्डिंगची प्रत द्या. आणि तोपर्यंत २५ मार्चचा हप्ता इक्विटीतून विकू नका. हे पत्र त्यासाठीची लेखी सूचना समजा. यावेळी मिळाली नाही असं म्हणू नका, रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे.

येत्या सोमवारी बाजार नियामक सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकणार आहे. तिथे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आमच्या कारखान्यातले सात निवृत्त सहकारी माझ्या शब्दावर तुमच्याकडे आले आहेत. माझ्या शब्दाचं काय झालं ते त्यांना रविवारी मीच सांगणार आहे. त्या सात जणांसमोर उभं राहायची मला लाज वाटते आहे, आणि ती तुमच्यामुळे.

उत्तर मला द्या. मुलाला नको.

आपला,
फोलिओधारक

सोबत : शिक्क्याच्या पोचपावतीची प्रत, बँकेने साक्षांकित केलेल्या सहीची प्रत, सप्टेंबर ते फेब्रुवारीची स्टेटमेंट्स