काका, चौथी जागा तुम्ही कधी रिकामी राहू दिली नाहीत

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

हे सगळं तुम्हाला फोनवर सांगायला घेतलं असतं, तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून जाहीर लिहिते आहे. शिवाय ठिकठिकाणी असे छोटे ऑनलाइन ब्रिज क्लब (ब्रिज म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोन जोड्यांनी, चौघांत खेळायचा पत्त्यांचा खेळ) चालवण्याची धडपड करणाऱ्यांनाही कळू दे, की आपला क्लब आजवर टिकला तो कशामुळे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळे ब्रिजवाले बीबीओवर, म्हणजे ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर, आले. तेव्हा माणसं जमवावी लागत नव्हती. कोणाला घराबाहेरच पडायचं नव्हतं. कसोटी पुढेच होती. जिमखाने उघडले, प्रत्यक्ष टेबलं मांडली गेली, आणि आपल्याकडची गर्दी भराभर ओसरली. दहा-बारा टेबलांवरून आपण तिनावर आलो. बुद्धिबळात एक माणूस आला नाही तर त्याचा प्रतिस्पर्धी तेवढा खोळंबतो. ब्रिजमध्ये एक गळाला की त्याचा भिडू बसतो, जोडी मोडली की समोरची जोडी बिनखेळाची राहते, आणि अर्धा तास ताटकळलेली ती दोन माणसं पुढच्या रविवारी येत नाहीत. तीन टेबलांचा क्लब असा महिन्याभरात बंद पडू शकतो.

तेव्हा तुम्ही स्वतः खेळायचं सोडलंत. हे किती जणांच्या लक्षात आलं, मला ठाऊक नाही. चाळीस वर्षं टेबलावर घालवलेला माणूस दर रविवारी राखीव म्हणून बसायचा, जोड्या विषम झाल्या तरच पत्ते हातात घ्यायचा, आणि तेही ज्याचा पार्टनर आला नसेल त्याच्यासमोर, मग तो कितीही नवखा असो. कोणाचं नेट गेलं तर दोन-चार मिनिटं रोबो चालेल, पण संध्याकाळभर माणसाला रोबोसमोर बसवायचं नाही, हा तुमचा हट्ट. तो अगदी बरोबर होता. रोबोबरोबर खेळायला क्लब कशाला हवा?

ग्रुपवर "आज कोण कोण येणार?" असा मेसेज टाकला की प्रत्येकाला वाटतं, दुसरे येतीलच. तुम्ही तो मेसेज टाकणं बंद केलंत आणि शनिवारी एकेकाला फोन करायला लागलात. आधी गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी, नातीच्या दहावीची चौकशी, आणि मग "उद्या साडेनऊला येताय ना, तुमच्यासाठी पार्टनर बघून ठेवलाय." पार्टनर ठरलेला आहे म्हटल्यावर माणूस नाही म्हणत नाही. न्यू जर्सीच्या आपल्या दोन जोड्यांसाठी नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये तिकडची घड्याळं सरकली की तुमचा वेगळा निरोप जायचा, नोव्हेंबरात "या आठवड्यापासून तुमचे बारा नव्हे, अकरा वाजता", आणि मार्चमध्ये उलट. एवढ्या साध्या गोष्टीपायी किती क्लबांनी परदेशातली माणसं घालवली असतील!

माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ते एक पान. अनोळखी माणसाबरोबर ब्रिज खेळायची खरी भीती बोलीची असते, म्हणजे किती हात (चार पत्त्यांच्या फेऱ्या) जिंकणार हे खेळाआधी सांकेतिक भाषेत सांगण्याची. समोरच्याची दोन किलवर म्हणजे स्टेमन (चार इस्पिकं किंवा चार बदामं आहेत का, असं विचारणारी बोली) की खरोखरची किलवरं, त्याच्या चार नो ट्रंपला (बिनहुकमी बोलीला) एक्के सांगायचे की पास म्हणायचं, हे ठाऊक नसलं की माणूस पहिल्या तीन डावांतच बावचळतो. जुन्या जोड्यांची सिस्टीम वहीभर असते, नवा माणूस त्यात शिरणार कुठून? तुम्ही मराठीत एक पान लिहून काढलंत. मेजर (इस्पिक-बदाम) पाच पत्त्यांचे, एक नो ट्रंप पंधरा ते सतरा गुणांची, स्टेमन, ट्रान्सफर (आपला लांब रंग पार्टनरकडून बोलवून घेणारी बोली), ब्लॅकवुड (एक्के विचारणारी), कमजोर दोन (ताकद कमी पण एक रंग लांब असताना दोनने केलेली सुरुवात). बस. राखीव पार्टनरबरोबर बसलात की एवढंच खेळायचं, कितीही मोठे खेळाडू असलात तरी. त्या पानामुळे आपल्याकडे कोणीही कोणासमोर बसू शकतं. बडोद्यात आल्यावर मला पार्टनर नव्हता, गावात ब्रिज खेळणारं कोणी ओळखीचं नव्हतं. ते पान मिळालं आणि त्याच रविवारी मी सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांसमोर बसले. आजही आम्ही जोडीने खेळतो.

आणि सोमवारची तुमची टिपणं. निकालात पहिल्या आलेल्यांचं कौतुक सगळेच करतात. तुम्ही मुद्दाम यादीच्या खालच्या अर्ध्यातला एक चांगला खेळलेला डाव शोधायचात. त्यातला एक मी जपून ठेवला आहे. तीन नो ट्रंपचा डाव, म्हणजे तेरापैकी नऊ हात करायचे, डावीकडच्याची पहिली उतारी बदामाचा राजा. डिक्लेररच्या (डाव खेळणाऱ्याच्या) हातात बदामाचा एक्का आणि दोन बारकी, डमीत (त्याच्या पार्टनरच्या उघड्या पानांत) आणखी दोन बारकी. समोरच्यांची आठ बदामं पाच-तीन अशी वाटलेली. बहुतेकांनी एक्का लगेच मारला, मग हातातून चौकटचा गुलाम काढून डमीतल्या एक्का-राणीकडे फिनेस घेतली, म्हणजे राजा डावीकडे असेल या आशेने एक्का राखून ठेवला. ती फसली, उजवीकडच्याने चौकटच्या राजाने हात घेऊन बदाम परत केलं, आणि डावीकडच्याने चार बदामं वाजवली. डाव एका हाताने बुडाला. इचलकरंजीच्या आजींनी मात्र एक्का दोनदा आवरला आणि तिसऱ्या उतारीला मारला. तोवर उजवीकडच्याचं बदाम संपलं होतं. फिनेस त्यांचीही फसली, पण परत द्यायला त्याच्याकडे बदाम नव्हतं. आजींचे दहा हात झाले. खाली तुम्ही लिहिलं होतंत, सातातून आपली पाच बदामं वजा करा, उरले दोन, तितक्या वेळा थांबा, आजींनी हेच केलं.

आजी त्या दिवशी एकूण निकालात शेवटून दुसऱ्या होत्या. टिपण वाचून त्यांनी मुलाला फोन केला, सुनेला दाखवलं, आणि त्यानंतर एक रविवार चुकवलेला नाही. तुम्ही कोणाला खोटं शाबास म्हटलं नाहीत. डाव खरोखर चांगला खेळलेला होता, तो शोधायला मात्र सगळ्या टेबलांचे सगळे डाव उघडून बघावे लागतात, आणि ते तुम्ही रात्री जागून बघत होतात.

पार्टनरला टाकून बोलणाऱ्यांचं तुम्ही कसं निस्तरलंत, तेही सांगायला हवं. शेवटचा बोर्ड (डाव) होईपर्यंत चर्चा नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. एक फार ताकदीचे खेळाडू चॅटवर नवख्या पार्टनरला टोचून बोलले. तुम्ही त्यांची कानउघाडणी खाजगीत केलीत, आणि जिला बोलणं बसलं होतं तिला त्याच रात्री फोन केलात. ती टिकली. ते गृहस्थही टिकले, आणि आता गुरुवारी नव्या लोकांना बचावाचे धडे देतात.

साठीच्या घरात नव्याने पत्ते हाती घेणाऱ्यांना तुम्ही हमखास २०१८ चं जकार्ता सांगायचात. तिथल्या आशियाई खेळांत ब्रिजचं सुवर्ण प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी आणलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते आणि सरकार छप्पन्न. पदक मिळवायला म्हणून आपल्याकडे कोणी येत नाही. पण "या वयात जमेल का" हा प्रश्न तिथेच मिटायचा.

आता एक मागणं. शनिवारच्या फोनांची अर्धी यादी माझ्याकडे द्या आणि उरलेली अर्धी मुख्याध्यापकांकडे, आमचं बोलणं झालंय. राखीव म्हणून आम्ही आळीपाळीने बसू. येत्या रविवारी तुमचं नाव जोड्यांच्या यादीत घातलं आहे. समोर इचलकरंजीच्या आजी आहेत. त्यांची एकच अट आहे, कमजोर दोनची बोली तुमच्या पानावर लिहिल्याप्रमाणेच करायची, मनाने वाढवायची नाही.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
बडोद्याची सभासद