आधी गाडी निघू द्या, अंगारा वाटेत लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सर्पदंशानंतर आधी देवळात आणि मग रुग्णालयात नेलेल्या मुलीच्या मृत्यूची बातमी आपण छापलीत, तेव्हापासून आपल्या पत्रांच्या सदरात दोन तट पडले आहेत. एका बाजूचे वाचक लिहितात, खेड्यातली माणसं देवभोळी, त्यांना विज्ञान कळायचंच नाही. दुसऱ्या बाजूचे लिहितात, मंत्रानं विष उतरतं हे आमच्या वाडवडिलांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यावर शंका घेणं म्हणजे धर्मावर घाला. मी माळकरी आहे, जमेल तेव्हा वारीला जातो. नोकरीची वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधनिर्माता म्हणून काढली. सापाच्या लशीच्या कुप्यांचा हिशोब माझ्याच नोंदवहीत असायचा. दोन्हीकडची पत्रं वाचून मला सारखाच त्रास झाला, म्हणून हे लिहितो आहे.

आधी वाडवडिलांनी पाहिलं त्याविषयी. त्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. पान लागलेला, म्हणजे साप चावलेला माणूस भगताकडे नेला, त्यानं पाणी मंतरून दिलं, कडुलिंबाचा पाला चावायला लावला आणि माणूस सकाळी आपल्या पायांनी घरी गेला, असं गावोगाव घडलेलं आहे. पण आपल्या शेतात आणि घराच्या आसपास फिरणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर, कवड्या, नानेटी यांपैकी कोणी चावलं तर माणूस मंत्रानंही बरा होतो आणि मंत्राशिवायही. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही; कोरडा दंश म्हणतात तो हाच. भगताच्या खात्यावर जमा झालेली बरी झालेली माणसं ही बहुतेक अशी आहेत. जी दगावली त्यांच्याबद्दल गाव म्हणतं, आयुष्यच तेवढं होतं. ते खात्यावर कुठेच चढत नाही. पाला कडू लागला नाही म्हणजे विष चढलं, या परीक्षेलाही काही आधार नाही. अंगात पुरतं विष भिनलेल्या माणसालाही पाला कडू लागतो, आणि मग घरचे निश्चिंत होऊन बसून राहतात.

मण्यारीचं सांगतो, कारण आमच्याकडची सर्वांत फसवी मरणं तिची. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, दुखणं जवळजवळ नाही, सूज नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. मग पापण्या जड होतात, आवाज बदलतो, थुंकी गिळता येत नाही. घरच्यांना साप दिसलेलाच नसतो. डोळे मिटतायत, धड बोलवत नाही, म्हणजे बाहेरची बाधा, असं ठरतं आणि देवळात कौल लावायला बसतात. तेवढ्या वेळात श्वासाचे स्नायू लुळे पडत चाललेले असतात. मण्यारीच्या विषानं मज्जातंतूंच्या टोकांना एकदा इजा झाली की लस ती इजा मागे फिरवू शकत नाही. पुढचं विष तेवढं थोपवते. म्हणून इथे तासाला मोल आहे. उशीर झालेल्या रुग्णालाही कृत्रिम श्वासावर ठेवलं तर तो वाचतो, शुद्धीवर येतो, कामाला लागतो. पण त्यासाठी तो श्वास थांबण्याआधी तिथे पोचायला हवा.

घोणस चावली तर रक्त गोठेनासं होतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ते ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि नळी तिरकी करून बघायची. रक्त पातळच राहिलं तर लस सुरू करायची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून ती बनते. आपल्या राज्यात हाफकिन या सरकारी संस्थेनं ती वर्षानुवर्षं बनवलेली आहे, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

तरीही २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. हे सगळे मृत्यू अंधश्रद्धेनं झाले, असं पहिल्या बाजूच्या पत्रलेखकांना म्हणायचं असेल, तर त्यांनी एकदा पावसाळ्यात रात्री एखाद्या आडबाजूच्या वाडीवरून आरोग्य केंद्रापर्यंत येऊन बघावं. भगत वाडीतच राहतो. मध्यरात्री हाक मारली तर उठतो, रुग्णाच्या उशाशी बसतो, घरच्या बाईशी तिच्या भाषेत बोलतो. आरोग्य केंद्रात गेलं की कधी डॉक्टर मुक्कामी नसतात, कधी लस संपलेली असते. लस असली तरी ती देताना रुग्णाला जोराची ॲलर्जी येऊ शकते, त्या भीतीनं नवखे डॉक्टर हात लावत नाहीत आणि ‘तालुक्याला न्या’ म्हणतात. तालुक्याचे जिल्ह्याला न्या म्हणतात. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवलं तर ती ॲलर्जी आटोक्यात येते. शिरेतून पहिल्या दहा कुप्या सुरू करून मगच पुढे पाठवावं, असं शिकवलेलंही असतं. मी नोकरीला असताना एका केंद्रात कुप्या कपाटात असूनही रुग्ण तसाच पुढे पाठवलेला पाहिला आहे. त्या घरानं पुढच्या वेळी कुठे जावं, अशी आपली अपेक्षा आहे? ज्या विज्ञानानं दारातून परत पाठवलं त्याच्यावर विश्वास ठेवा, असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

विश्वास कसा बसतो हे आमच्या महाड भागानं पाहिलेलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं आणि लहान मुलं मरत होती. अंग घामानं चिंब, हातपाय गार, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी. गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत. बावस्करांनी रुग्णाजवळ रात्र रात्र बसून प्रत्येकाची नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवला. विंचवाच्या विषानं शरीरात काय उसळतं ते ओळखलं आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून पाहिली. मृत्यूंचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, पुढे पद्मश्री मिळाली, ते सगळं योग्यच. पण माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट वेगळी आहे. आमच्या भागात विंचू उतरवणाऱ्यांना कुणी शिव्या दिल्या नाहीत, त्यांच्याविरुद्ध मोर्चे काढले नाहीत. गोळीनं माणूस उठून बसतो हे लोकांनी पाहिलं आणि लोक गोळीकडे आले. त्याच लोकांच्या घरात आजही देवाची पूजा होते.

आता धर्मावर घाला म्हणणाऱ्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा पुष्कळांनी न वाचताच धर्मविरोधी ठरवला. त्याच्या अनुसूचीत एक बाब अशी आहे : साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि त्याच कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातली आणि देवळातली उपासना, होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं, हे सगळं गुन्ह्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. माझ्या वारीला, माझ्या हरिपाठाला त्यानं हात लावलेला नाही. हात लावला आहे तो ‘रोखण्या’ला. मंत्र म्हणा, अंगारा लावा, नवस बोला. पण गाडी थांबवू नका. मंत्र आणि लस दोन्ही सारख्याच, असं जे वाचक आपल्या पत्रात लिहितात त्यांच्या शब्दावर उद्या एखादं घर विसंबून राहील, याचं त्यांना भान असायला हवं. त्या दोन गोष्टी सारख्या नाहीत. विठ्ठलाच्या पायाशी मी माझं दुःख ठेवतो, पण नागाचं विष रक्तातून काढायचं काम मी त्याच्यावर टाकत नाही, आणि त्यानं माझी श्रद्धा कमी झाल्याचं मला कधी जाणवलेलं नाही.

केंद्र सरकारनं २०२४ साली सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला आहे. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. ते व्हायचं असेल तर भगत आणि देवळांचे पुजारी यांना बाहेर ठेवून होणार नाही. पहिली हाक त्यांनाच जाते. त्यांना सन्मानानं आरोग्य केंद्रात बोलवा, मण्यारीची लक्षणं समजावून सांगा, १०८ ला फोन कसा करायचा ते दाखवा. दंशाच्या वर करकचून दोरी बांधायची नाही, जखम चिरायची नाही, चोखायची नाही, चावलेला हात-पाय न हलवता आधार देऊन ठेवायचा, हे त्यांच्या तोंडून गावानं ऐकलं तर गाव ते मानेल. रुग्ण पुढे पाठवणाऱ्या भगताचा ग्रामसभेत सत्कार झाला तर मला आनंदच वाटेल. आणि दुसरीकडे, लस असताना पहिली मात्रा न देता रुग्ण पुढे ढकलला गेला तर त्याचा जाब आरोग्य विभागानं द्यायलाच हवा.

आपल्याकडे एक मागणी आहे. मे महिना संपायच्या आत आपल्या दैनिकानं प्रत्येक तालुक्याची यादी छापावी : कोणत्या केंद्रात आज लस आहे, रात्री डॉक्टर कुठे असतात, कृत्रिम श्वासाचं यंत्र जवळात जवळ कुठे आहे. आरोग्य विभागाकडून ती माहिती मिळवणं एकट्या वाचकाला जड जातं, वर्तमानपत्राला जात नाही. आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात ती यादी मोठ्या अक्षरांत लावायची जबाबदारी मी घेतो. पुजाऱ्यांशी बोललो आहे, त्यांची हरकत नाही.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता,
ता. महाड, जि. रायगड