आवड दडलेली नव्हती

माननीय संपादक,
स. न.

निवृत्तीनंतर ‘खरी आवड’ सापडलेल्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगला होता, पण त्यातलं एक गृहीतक मला पटलं नाही. प्रत्येकाच्या मनात लहानपणापासून एक आवड असते, नोकरी-संसाराच्या रगाड्यात ती गाडली जाते आणि साठीनंतर उकरून काढली की आयुष्य उजळतं, असा एकूण सूर होता. मी साठीनंतर बरंच उकरून पाहिलं. चित्रकलेच्या वर्गाला दोन महिने गेले, गाण्याच्या वर्गाला सहा आठवडे. शिकवणारे दोघेही भले, त्यामुळे त्यांनी मला थांबा म्हटलं नाही. मीच थांबले.

त्याआधी तेहतीस वर्षं मी हिशेब लिहिले. रोजकीर्द, खतावणी, वर्षअखेरीला ताळेबंद. त्या कामाची मला आवड वगैरे नव्हती. नेटकं मात्र केलं.

२०२०च्या फेब्रुवारीत पेपरात बातमी वाचली, की मृग नक्षत्रातली काक्षी नेहमीपेक्षा खूपच मंद झाली आहे. काक्षी कोणती हे मला एकसष्टाव्या वर्षी ठाऊक नव्हतं. मृगाचा तीन ताऱ्यांचा बाण तेवढा ओळखता यायचा. त्याच्या आधारानं गच्चीवरून तो तांबूस तारा शोधला आणि पलीकडच्या रोहिणीशी ताडून पाहिला. रोहिणी ठळक, काक्षी फिकी. बातमी खरी होती! व्हाउचर बघून नोंदीवर टिक करावी, तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी वही घेऊन. एप्रिलपर्यंत काक्षी पुन्हा उजळली. ताऱ्यानं बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आली होती, असं शास्त्रज्ञांनी पुढे सांगितलं. मला मात्र त्या कारणापेक्षा माझ्या वहीतल्या आकड्यांनी धरून ठेवलं.

तेज बदलणाऱ्या ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. काम म्हणाल तर अगदी रुक्ष. ज्यांचं तेज ठरलेलं आहे असे दोन तारे घ्यायचे, एक आपल्या ताऱ्याहून ठळक, एक फिका. त्यांच्यामध्ये आपला तारा कुठे बसतो ते ठरवायचं आणि एक दशांश स्थळापर्यंत आकडा लिहायचा. ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचा हा आकडा, उलटी चालते, आकडा वाढला की तेज घटतं. इतरांना हे विचित्र वाटतं, मला उधारीची सवय असल्यानं वाटलं नाही. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, तो उगाच उजळ वाटायला लागतो. झरझर नजर टाकून घ्यायची. जगभरचे हौशी लोक असे आकडे १९११ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ या संस्थेकडे पाठवतात. तिथे तुमचं वय आणि पदवी आडवी येत नाही.

आता माझी फजिती. ययाती तारकासमूहात अल्गॉल नावाचा तारा आहे. खरं तर तो एकटा नाही, त्यात दोन तारे एकमेकांभोवती अगदी जवळून फिरतात. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो आणि अल्गॉलची प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत घसरते. ती घसरण कधी होणार ते आधी काढता येतं. मी काढलं, रात्री गच्चीवर बसले. देवयानीतला अलमाक साधारण २.१ प्रतीचा, त्याच्याशी ताडत लिहिलं: २.१, २.३, २.४. उतार लागला, म्हणून खूश होऊन झोपायला गेले. सकाळी आकडेमोड तपासली, तर जागतिक वेळेवरून आपली वेळ काढताना तास मिळवायच्या ऐवजी वजा केले होते. त्या रात्री अल्गॉल पूर्ण तेजात होता. जे दिसावं असं मला वाटत होतं, तेच मी पाहिलं होतं! हिशेबात चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारतात, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. तशी रेघ मारून बाजूला सही केली. ते पान मी अजून काढून बघते. आता वेळ आधी बघतच नाही, आकडे लिहून झाले की मगच घसरणीची वेळ तपासते.

म्हणून म्हणते, ही आवड माझ्यात कुठेही दडलेली नव्हती. पहिली दोन वर्षं तर कंटाळाही पुष्कळ आला. तुमच्या पुरवणीत ही दोन वर्षं कधीच छापून येत नाहीत. मेरी डिलेनी या इंग्रज बाईंनी १७७२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कापून फुलं चिकटवायला सुरुवात केली आणि नजर साथ देईनाशी होईपर्यंत जवळपास हजार फुलं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लोक बहात्तर या आकड्यावर खूश होतात. पण बाई त्याआधी कित्येक वर्षं भरतकाम करत होत्या, बागेत राबत होत्या. हात तयार होते, फुलं नंतर आली. माझंही तसंच, फक्त संग्रहालय नाही.

आणि ‘वय हा केवळ आकडा’ हे वाक्य कृपया बंद करा. तरुण माणसाच्या डोळ्यातली बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटर उघडते, वयाबरोबर ती कमी उघडते. मी हौसेनं सात बाय पन्नासची, म्हणजे सात पट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घेतली. तिच्यातून येणारी प्रकाशाची शलाकाही सातच मिलिमीटरची, माझ्या डोळ्यात ती मावतच नाही. दहा बाय पन्नास घ्यायला हवी होती, तिची शलाका पाचच मिलिमीटरची. फिके तारे विशीतल्या मुलांना दिसतात, मला नाही. मात्र पहाटे तीनला मला मोडायला झोपच उरलेली नसते.

पत्र छापलंत तर एक विनंती. शीर्षकात ‘सत्तरीकडे झुकलेली तरुणी’ वगैरे नको. मुलाकडून तारुण्य मागून घेणारा ययाती रोज माझ्या डोक्यावरून जातो. मी त्याच्याकडे अल्गॉलपुरतीच बघते.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस