ग्राफ मस्त, पण लिफ्टचं काय?

संपादक महोदय,

कालचा विषमतेवरचा लेख वाचला. ग्राफ छान रंगीत होते. पण वरचे एक टक्का, खालचे पन्नास टक्के हे वाचून माणूस पान उलटतो हो, त्यात आपण कुठेच सापडत नाही.

मी घरी जाऊन पेशंट बघणारी नर्स. एका बिल्डिंगमध्ये आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करायला जाते. तिथे दोन लिफ्ट, पुढचीवर पाटी 'फक्त रहिवासी व पाहुणे', मागची आमच्यासारख्यांची, कचऱ्याचे डबेही तिच्यातूनच. परवा मागची बंद. पुढची रिकामी उभी, पण वॉचमन म्हणाला, ताई जिन्याने जा, नाहीतर माझ्यावर येईल. नववा मजला! त्याच्यावर काय चिडायचं, त्याला स्वतःलाही त्या लिफ्टमध्ये पाय ठेवता येत नाही. तेवढ्यात कुत्रा फिरवणारा मुलगा आला आणि कुत्र्यासकट पुढच्याच लिफ्टने वर गेला. वॉचमनला विचारलं तर म्हणे कुत्रा मेंबरचा आहे ना, तो बरोबर असला की चालतं, एकटा असला की हा पोरगा पण मागूनच. म्हणजे माणसाला कुत्र्याच्या ओळखीवर एन्ट्री. धापा टाकत वर पोचले तर सूनबाई घड्याळाकडे बघत, "सिस्टर, आज उशीर?" सासऱ्यांची जखम धुवायला माझे हात चालतात, लिफ्टचं बटण दाबायला नाही.

हे नुसत्या अपमानावर थांबत नाही बरं का. लंडनमधल्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, कोणी उपाशी नाही, कोणी बेकार नाही, तरी सगळ्यात खालच्या ग्रेडच्या, म्हणजे शिपाई-दरवानांच्या मृत्यूचं प्रमाण वरच्या साहेबांच्या जवळपास तिप्पट निघालं, आणि सिगारेट, बीपी सगळं धरूनही पूर्ण हिशोब लागेना. ब्राझीलच्या साओ पावलो शहराने तर १९९६ मध्ये लिफ्टमधल्या भेदभावाविरुद्ध कायदाच केला. तिथेही असंच चालायचं म्हणूनच करावा लागला ना! तुमच्या लेखात यातलं अवाक्षर नाही.

आणि फोटो दरवेळी झोपडीतल्या पोराचाच का? एकदा त्या पुढच्या लिफ्टच्या पाटीचा छापा की.

जाता जाता, माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापून छापलंत, अर्थच उलटा झाला. हे पूर्ण छापा. नाव मात्र टाकू नका, त्या बिल्डिंगमध्ये तुमचाच पेपर येतो.

एक वाचक