ओढ्याकाठच्या सांडपाण्याच्या कामासाठी गावकरी आणि मुंबई-पुणेकर मंडळींना आवाहन

नमस्कार मंडळी,

पाणी व स्वच्छता समितीतर्फे लिहितोय, मिरग तोंडावर आलाय आणि गावाचं सांडपाणी ओढ्यात जायच्या आधी साफ करायसाठी ओढ्याकाठी खणलेला खड्डा अजून उघडाच आहे, म्हणून घाई.

आधी ज्यांनी केलं त्यांचं सांगतो. २०००-०१ ला गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं तेव्हा अख्खं गाव खराटा घेऊन रस्त्यावर होतं, गुरुजी पहाटे पाचला देवळाची घंटा वाजवायचे आणि कुणाच्या दारात उकिरडा दिसला तर स्वतः पाटी उचलायचे. आता या कामाला वरच्या आळीच्या आजींनी चार गुंठे जागा बक्षीसपत्र करून दिली, ओढ्याकाठचं काळंभोर रान, ऊस लावला असता तर घरात पैसा आला असता. आजी आज नाहीत, काम बघायला हव्या होत्या. बचत गटाच्या ताईंनी चटणी-पापडाचे पैसे आणून दिले, जेसीबीवाल्या दादांनी नुसतं डिझेल घेतलं, आणि माथाडीत कष्ट करणाऱ्या आपल्या पोरांनी मुंबईत आपसात वर्गणी काढून पाईप घेतले आणि रात्रीच्या टेम्पोत स्वतः बसून आणले. हे विसरायचं नाही.

काहीजण विचारतात शोषखड्डे का नकोत. केले की आपण! काळ्या मातीत पाणी मुरत नाही, पावसाळ्यात खड्डेच भरून वर येतात. आता घरोघरी नळ आलेत, माणशी ५५ लिटरचा हिशोब, त्यातलं ८० टक्के मोरीतनं बाहेर पडतं, म्हणजे पाच माणसांच्या घराचं रोज २२० लिटर, आणि ते सगळं ओढ्यातनं सरळ कृष्णामाईत. खालच्या गावांच्या जॅकवेल, म्हणजे नदीतनं पाणी उचलायच्या विहिरी, त्याच पाण्यावर आहेत, ती पण आपलीच माणसं. आपल्या कराडनं २०२० ला एक लाखाच्या आतल्या शहरांत स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढला, मग आपण तालुक्यातच राहून मागं का?

काम साधं आहे. आधी जाळी, मग गाळटाकी, मग खडीचा वाफा त्यात कर्दळ, शेवटी पाचेक फूट खोल उघडं तळं. कर्दळीच्या मुळांवर आणि खडीवर जे जिवाणू वाढतात ते घाण खातात, तळ्यात ऊन आणि शेवाळ उरलेलं काम करतं. मोटर नाही, लाईटबिल नाही. फक्त जाळी आणि गाळटाकी वेळच्या वेळी साफ करायला लागते.

स्वच्छ भारतमधनं पाच हजारांच्या आतल्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयेच बसतात, त्यात गटारलाईन आणि गाळटाकी झाली, पैसे संपले. खडी, वाफ्याच्या भिंती आणि तळ्याच्या काठाचं दगडी पिचिंग राहिलंय. ओढ्याला पहिला लोंढा आला की खणलेलं सगळं गाळानं भरणार.

एक बोलतो, राग मानू नका. यात्रेच्या वर्गणीची पावतीपुस्तकं दोन दिवसांत संपतात, संपावीतच, यात्रा आपलीच आहे. पण या कामाची मीटिंग लावली तेव्हा देवळात अकराजण होते आणि त्यातले सात समितीचेच. घरी जाऊन जेवण गेलं नाही त्या रात्री.

तर उंबऱ्यामागं १००० रुपये, जमेल त्यानं जास्त, नसेल त्यानं दोन दिवस श्रमदान. खातं समितीच्या नावानं, नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, बाहेरगावच्यांनी घरच्यांकडनं फोटो मागवा, पावती घ्याच. खडी-वाळू देणाऱ्यांनी आधी सांगा, ट्रॅक्टर स्मशानभूमीकडनं आणा, पुलाकडनं वळत नाही. श्रमदान रविवारी सकाळी ७ ला, पाटी-खोरं घरचं आणा. कर्दळीचे कंद ज्यांच्या परड्यात आहेत त्यांनी पोत्यात भरून ओले ठेवा, पोरं येऊन नेतील.

– सचिव, पाणी व स्वच्छता समिती